दोन बिंदूंमधले वळण

मराठीत चांगल्या हस्ताक्षराला ‘वळणदार’ म्हणतात, आणि मुलांकडून जो कित्ता गिरवून घेतला जाई त्याचा हेतूही हाताला वळण लावणे हाच असे. रेषेच्या दर्जाविषयी चित्रकार जे काही बोलतात ते बहुतेक सगळे या एका शब्दात आधीच आलेले आहे: रेषेने मध्येच अडखळू नये, वळताना तिला कोपरे फुटू नयेत, आणि जिथे भार हवा तिथे ती जाड, जिथे सुटायचे तिथे बारीक व्हावी. बोरू किंवा टाक चालवणाऱ्या सरावलेल्या हातातून ही तिन्ही कामे एकाच हालचालीत होतात, कारण कागदावरची रेषा हा त्या हालचालीचाच अखंड माग असतो. संगणकावर काढलेल्या रेषेचे तसे नाही. संगणकाला हालचाल कधीच मिळत नाही. ठरावीक क्षणांनी टिपलेली पेनाच्या टोकाची स्थाने, म्हणजे सुटे बिंदू, एवढेच त्याच्या हाती पडते आणि त्यांच्यामधली मोकळी जागा त्याला गणिताने भरून काढावी लागते. संगणकीय रेखनाचा इतिहास हा बराचसा या मोकळ्या जागेचा इतिहास आहे, आणि ती भरण्याच्या युक्त्या चित्रशाळांमध्ये क्वचितच, तर आलेखक यंत्रे, मोटारींचे कारखाने, नकाशे आणि हस्ताक्षर-वाचन अशा परक्या कामांत सापडल्या.

सर्वांत आधीचा प्रश्न सरळ रेषेचाच होता. १९६२ मध्ये जॅक ब्रेसनहॅम हे आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एका आलेखक यंत्रावर, म्हणजे कागदावर पेन फिरवून आलेख काढणाऱ्या प्लॉटरवर, काम करत होते. या यंत्राचे पेन एका वेळी एकच ठरलेले लहानसे पाऊल टाकू शके, आणि तेही आठच दिशांना. त्यामुळे कोणतीही तिरकी रेषा काढायची म्हणजे प्रत्येक पावलाला दोन संभाव्य जागांपैकी खऱ्या रेषेच्या अधिक जवळची कोणती हे ठरवणे भाग होते. ब्रेसनहॅम यांनी हा निर्णय केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून आणि आलेल्या संख्येचे चिन्ह पाहून घेता येईल अशी रीत बसवली. भागाकार करणे ज्या काळात यंत्राला महाग पडे त्या काळात ही काटकसर अमूल्य होती, आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रीत पुढे पडद्यावर रेषा काढण्यासाठीही सर्रास वापरात आली.

पडद्यावर मात्र तिचे एक वैगुण्य उघडे पडले. कागदावर इंचाच्या शंभराव्या भागाएवढी असलेली पायरी डोळ्याला जाणवत नाही. पडद्यावरचा चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, त्याहून मोठा असल्यामुळे जवळजवळ आडव्या असलेल्या रेषेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसू लागल्या. फ्रँक क्रो यांनी १९७७ च्या एका निबंधात या पायऱ्यांचे मूळ नमुने अपुरे घेतले जाण्यात आहे हे दाखवून दिले आणि चित्रबिंदूला शून्य आकाराचा ठिपका न मानता एक छोटा चौकोन मानावे असे सुचवले. त्या चौकोनाचा जेवढा भाग रेषेखाली येतो तेवढीच छटा त्याला दिली की कडा डोळ्याला सलग भासते. उपाय सोपा होता, पण त्यासाठी पडद्याला राखाडी छटा दाखवता येणे आवश्यक होते. १९८४ मध्ये मॅकिंटॉशबरोबर आलेल्या बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या मॅकपेंट या कार्यक्रमाला ५१२ बाय ३४२ चित्रबिंदूंचा पडदा मिळाला होता आणि त्यातला प्रत्येक बिंदू एक तर काळा नाही तर पांढरा. त्या काळातील संगणकीय चित्रांचे दातेरी रूप ही कलात्मक निवड नव्हती, जरी आज तिचे कौतुक तसेच केले जाते.

वक्र रेषेचा वारसा याहून पुष्कळ जुना आहे. जहाजबांधणीत तक्त्यांचे आकार जमिनीवर पूर्ण मापात आखले जात, आणि त्यासाठी कारागीर लाकडाची लांब, लवचीक पट्टी ठरलेल्या ठिकाणी शिशाची वजने ठेवून वाकवीत व तिच्या कडेने रेघ ओढीत. इंग्रज कारागीर या पट्टीला ‘स्प्लाइन’ आणि वजनांना त्यांच्या आकारावरून ‘बदके’ म्हणत. पट्टीवर जबरदस्ती करता येत नाही. वजनांच्या मधल्या भागात ती स्वतःहून कमीत कमी वाकेल असा मार्ग घेते, म्हणजेच रेषेचा सफाईदारपणा कारागिराच्या हातातून नव्हे तर लाकडाच्या गुणातून येतो. गणितज्ञ आयझॅक शेनबर्ग यांनी १९४६ मध्ये तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या वक्रांना हेच नाव दिले आणि लाकडी पट्टीचा स्वभाव समीकरणात उतरला.

संगणकाला वक्र रेषेची जी भाषा प्रत्यक्षात मिळाली ती मात्र मोटारींच्या पत्र्यातून. मोटारीचा आकार आधी नमुन्यात घडे, त्याचे आराखडे होत आणि आराखड्यांवरून साचे बनत. प्रत्येक टप्प्यावर मूळ वळण थोडे थोडे बदलत जाई, आणि अंतिम निवाडा कोणाच्या नजरेवर सोपवायचा याचा वाद राही. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये याला एक उत्तर शोधले. चार बिंदू घेऊन ते तीन रेषाखंडांनी जोडायचे, त्या खंडांचे मध्य जोडून दोन नवे खंड मिळवायचे, त्यांचे मध्य जोडून एक, आणि त्या शेवटच्या खंडाचा मध्य हा वक्रावरचा एक बिंदू; मध्याऐवजी दुसरे कोणतेही एकच प्रमाण सर्वत्र धरले की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. कंपनीने ही रीत गुप्त ठेवली. रेनॉ कंपनीतील अभियंते पिएर बेझिए हे स्वतंत्रपणे त्याच वक्रापर्यंत पोहोचले, त्यांना आपले काम प्रसिद्ध करता आले, आणि म्हणून वक्राला नाव बेझिए यांचे पडले. शोधाचे श्रेय शोधणाऱ्यापेक्षा छापणाऱ्याकडे जाते याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

या वक्रात पहिला आणि शेवटचा बिंदू रेषेवर असतात, तर मधले दोन बहुधा रेषेबाहेर राहून तिला आपल्याकडे ओढतात. त्यांना नियंत्रण-बिंदू म्हणतात. १९८२ मध्ये जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी स्थापन केलेल्या अ‍ॅडोबी कंपनीने छपाईसाठी तयार केलेल्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेत हेच वक्र घेतले आणि १९८७ च्या इलस्ट्रेटरमध्ये ते चित्रकाराच्या हाती दिले. येथे रेषा ओढली जात नाही, रचली जाते. हात थरथरला तरी बिघडत नाही, कारण नंतर नियंत्रण-बिंदू सरकवून वळण दुरुस्त करता येते. या सोयीची किंमत म्हणजे रेषेतला वेग हरवणे, आणि त्या काळातील बरीचशी व्यापारी चित्रे यामुळेच निर्दोष असूनही थंड वाटतात.

अक्षररचनेत या दोन वृत्तींची खरी गाठ पडली. डोनाल्ड क्नुथ यांच्या मेटाफाँट या प्रणालीत अक्षर म्हणजे एका मार्गावरून फिरलेले पेनाचे टोक असे मानले होते, आणि ही कल्पना बोरूच्या फार जवळची होती, कारण बोरूच्या रेषेतील जाडीचा चढउतार हाताच्या दाबापेक्षा टोकाच्या तिरकस कापावर आणि फिरण्याच्या दिशेवर अवलंबून असतो. मुंबईचे संशोधक पी. के. घोष यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवर अहवाल लिहिला तो याच वातावरणात. बाजारात मात्र जिंकली ती अक्षराची बाह्यरेषा साठवणारी पद्धत. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोजबरोबर घरोघर पोहोचला तो अशाच बाह्यरेषांच्या रूपात. तिरकस कापलेल्या लेखणीचा संस्कार त्यात आहे, पण लेखणीची हालचाल त्यात नाही, तिच्या कडा तेवढ्या उरल्या आहेत.

हाताने थेट काढलेल्या रेषेची वाटचाल याला समांतर चालली होती. अमेरिकेतील रँड संस्थेने १९६४ मध्ये तयार केलेल्या रेखनपाटीवर सुमारे दहा इंच लांबी-रुंदीच्या पृष्ठभागाखाली इंचाला शंभर या दाटीने तारांचे जाळे होते आणि पेन त्यातील संकेतांवरून आपली जागा ओळखे. या पाटीवर लिहिलेली अक्षरे संगणकाला वाचता यावीत म्हणून गेब्रिएल ग्रोनर यांनी १९६६ मध्ये जी कृती मांडली तिची पहिली पायरी रेषा सुधारण्याची होती: नव्याने आलेला बिंदू जसाच्या तसा न स्वीकारता आधीच्या, सुधारलेल्या बिंदूशी त्याची सरासरी काढायची, आणि फार जवळजवळ पडलेले बिंदू गाळून टाकायचे. गाळणीचे हेच काम अधिक कुशलतेने करणारी रीत १९७३ मध्ये डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्युकर यांनी नकाशांतील किनारे आणि सीमा सोप्या करण्यासाठी प्रसिद्ध केली. जपानमध्ये २००८ साली आलेल्या पेंटटूल साई या रेखन-कार्यक्रमातील ‘स्थिरक’, म्हणजे थरथर शोषून घेणारी सोय, चित्रकारांमध्ये नवलाईची ठरली. तिच्या मुळाशी असलेला सरासरीचा विचार त्या वेळी चाळीस वर्षांहून जुना होता.

थरथरीचा सगळा दोष हाताला देणेही बरोबर नाही. मेजावरच्या पाटीवर काढायचे आणि समोरच्या पडद्यावर पाहायचे या व्यवस्थेत हात आणि डोळा यांची ताटातूट होते; लहान पाटीवर खांद्याऐवजी मनगटच फिरते; गुळगुळीत पृष्ठभागावर कागदाचा खरखरीत अटकाव मिळत नाही. कागदावर ठाम रेषा ओढणारा माणूस पाटीवर नवशिका वाटतो तो बऱ्याच अंशी यामुळे.

जाडीचा प्रश्न सोडवला तो दाबाने. १९८३ मध्ये जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने पेनाची तार काढून टाकली; पाटी विद्युतचुंबकीय लहरी सोडते, पेनातील वेटोळे त्यांना प्रतिसाद देते आणि त्यातून पेनाला घटाशिवाय आपली जागा व टोकावरचा दाब कळवता येतो. १९९८ च्या इंट्युओस पाटीत दाबाच्या १०२४ पायऱ्या होत्या, २००९ मध्ये २०४८ आणि २०१७ मध्ये ८१९२ झाल्या. या शेवटच्या वाढीचा उपयोग जाहिरातीपलीकडे फारसा नसावा. हातातून तेवढे सूक्ष्म भेद सातत्याने काढणे कठीणच आहे. लक्षात घेण्याजोगे हे की दाबानुसार फुलणारी रेषा ही कुंचल्याची रेषा आहे, बोरूची नव्हे, आणि देवनागरी सुलेखन करणाऱ्याला आजही सपाट, तिरके टोक वेगळे निवडून त्याचा कोन ठरवावा लागतो.

सरासरीच्या उपायाला एक अटळ दंड भरावा लागतो. सेकंदाला २०० बिंदू टिपणाऱ्या पाटीवर शेवटच्या २० बिंदूंची सरासरी घेतली तर रेषा पेनाच्या सुमारे ५० मिलिसेकंद मागे राहते, आणि स्थिरक जितका कडक तितकी ती अधिक रेंगाळते. पडद्यावरच पेन टेकवून काढायची सोय झाल्यावर हे रेंगाळणे टोकाजवळच्या फटीच्या रूपाने डोळ्यांना दिसू लागले. २०१५ मध्ये आयपॅड प्रोबरोबर आलेल्या अ‍ॅपल पेन्सिलची जागा सेकंदाला २४० वेळा टिपली जात होती, पण तेवढ्याने फट बुजली नाही. म्हणून त्याच वर्षीच्या आज्ञाप्रणालीत कार्यक्रमांना अंदाजाचे बिंदूही मिळू लागले: आतापर्यंतच्या वेगावरून आणि दिशेवरून पेन पुढच्या क्षणी कुठे असेल याचा तर्क करून रेषेचा एक छोटा तुकडा हाताच्या आधीच काढला जातो आणि खरे बिंदू येताच तो पुसून त्यांच्या जागी नवा मांडला जातो.