तिसरा शनिवार

घड्याळ कुठून लावायचं ते आधी ठरवू. रिझर्व्ह बँकेचा आदेश सोमवार, २३ सप्टेंबर २०१९ रोजी कामकाज संपल्यापासून लागू झाला. आपण संध्याकाळचे सहा धरू. त्या मिनिटाला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, नावापुरती बँक राहिली. पैसे आत, माणसं बाहेर. तिथून मागे जाऊन तास मोजू.

८१६ तास उरले. मंगळवार, २० ऑगस्ट

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने एचडीआयएल या बांधकाम कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. अर्ज बँक ऑफ इंडियाचा, थकबाकी ५२२ कोटींची. कंपनी राकेश आणि सारंग वाधवान या बापलेकांची. नाहूर, मुलुंड, वसई-विरार या भागांत तिचे फलक आपण वर्षानुवर्षं पाहिलेले.

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्याने ही बातमी वाचली असेल, तर दोन ओळी वाचून पान उलटलं असेल. बिल्डर बुडाला, त्यात नवल काय? पण २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात एक गंमत आहे. अर्ज दाखल करून घेतला गेला की मालक खुर्चीवरून उठतो, न्यायाधिकरणाने नेमलेला माणूस कारभार हाती घेतो आणि ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाला सांगतो, आपापला दावा कागदपत्रांसह घेऊन या. मग धनकोंची समिती बसते आणि कंपनी कुणाला विकायची ते ठरवते. एका धनकोला मात्र हा दावा मांडणं फार अवघड जाणार होतं. त्याच्या वहीत एचडीआयएलचं कर्ज जेवढं होतं, तेवढं रिझर्व्ह बँकेला दाखवलेलंच नव्हतं.

५५२ तास उरले. शनिवार, ३१ ऑगस्ट

आदल्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दहा सरकारी बँकांचं चार बँकांत विलीनीकरण जाहीर केलं होतं. नाक्यावर चर्चा तीच. आपलं खातं कुठे जाणार, पासबुक बदलणार का, आयएफएससी कोडचं काय? गणपती दोन दिवसांवर आलेले.

पीएमसीत मात्र त्याच सुमारास वेगळी धावपळ चालली होती. बँक ऑफ इंडियाचं देणं थोडंफार भागवून दिवाळखोरी टळावी म्हणून पीएमसीने वाधवानांसाठी साडेशहाण्णव कोटी रुपये काढले. हे नंतर उघड झालं. म्हणजे बुडत्या ऋणकोला वाचवायला धनकोनेच आणखी कर्ज द्यायचं, आणि तेही लोकांच्या ठेवींतून. सावकारीत याला शहाणपण म्हणत नाहीत.

पण बँक आणि बिल्डर ही नुसती धनको-ऋणकोची जोडी नव्हतीच. बँकेचे अध्यक्ष वरियाम सिंग पूर्वी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. बँकेचं मुख्य कार्यालय भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये, ठाण्याहून धिम्या लोकलने तिसरं स्टेशन. हा मॉल एचडीआयएलनेच बांधलेला. ऋणकोच्या छताखाली बसून धनको हिशेब लिहीत होता.

आणि हिशेब सुबक होता. मार्च २०१९ अखेर ठेवी ११,६१७ कोटी, थकीत कर्जं अवघी ३.७६ टक्के, नफाही चांगला. ज्याला ताळेबंद वाचता येतो त्यानेही इथे पैसे ठेवले असते, आणि ठेवलेही.

५४ तास उरले. शनिवार, २१ सप्टेंबर, दुपार

इथे थोडं थांबायला हवं. हा महिन्यातला तिसरा शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तिसऱ्याला उघड्या.

त्या आठवड्यात बँकेतल्याच काही महिला कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला कर्जखात्यांतल्या गोंधळाची माहिती दिली होती, असं नंतर प्रसिद्ध झालं. व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला जे कबुलीपत्र लिहिलं, त्यावर तारीख याच शनिवारची आहे. एचडीआयएल गटाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती कागदावर उभी केली, असं त्यात म्हटलं होतं. बनावट खाती छोटी छोटी. तपासणीला आलेला अधिकारी मोठी खाती काढून बघतो, हजारांत विखुरलेली चिल्लर कोण उपसणार? ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच, फक्त तपासणीसाठी दिलेल्या यादीत होती. एकट्या एचडीआयएल गटाकडे साडेसहा हजार कोटी, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांच्या ७३ टक्के. नियम तेव्हा असा होता, की नागरी सहकारी बँकेने एका गटाला आपल्या भांडवलाच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यावं. कर्जांच्या नव्हे, भांडवलाच्या.

त्याच दुपारी निवडणूक आयोगाने महाराष्ट्र विधानसभेची तारीख जाहीर केली. आणि त्याच दिवशी शाखांच्या खिडक्या नेहमीसारख्या उघड्या होत्या. ठेवी घेतल्या जात होत्या, पावत्या फाडल्या जात होत्या, पासबुकं कर्रकर्र छापली जात होती. पितृपंधरवडा चालू होता. नवीन काही करू नये, पण मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवायला पंचांग आडवं येत नाही. खिडकीमागच्या मुलीला काही ठाऊक नव्हतं, हे सांगून टाकलेलं बरं. पुढे शिव्या तिनेच खाल्ल्या.

३० तास उरले. रविवार

सुट्टी. एटीएम चालू.

८ तास उरले. सोमवार, २३ सप्टेंबर, सकाळी दहा

शेअर बाजारात दिवाळी. शुक्रवारी कंपनी कर कमी झाल्याने सेन्सेक्स १,९२१ अंकांनी उसळला होता, सोमवारी आणखी १,०७५ अंक चढला. बँकवाल्यांची चिंता दुसरीच. सरकारी बँकांच्या विलीनीकरणाविरुद्ध अधिकारी संघटनांनी २६ आणि २७ तारखेला संप पुकारला होता. तो सोमवारी मागे घेतला गेला आणि लोक सुटल्यासारखे झाले. दोन दिवस बँक बंद राहण्याची धास्ती टळली होती!

शून्य. सोमवार संध्याकाळ

शटर ओढली गेली. ठाण्याच्या फलाटांवर नेहमीची गर्दी. आदेशाची बातमी अजून कुणाच्या फोनवर नव्हती.

१५ तास झाले. मंगळवार, सकाळी नऊ

फोनवर बँकेचा लघुसंदेश. रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांसाठी निर्बंध घातले आहेत, जबाबदारी आमची, मुदतीआधी सगळं सुरळीत करू, असा त्याचा सूर. कर्ज देणं बंद, नवी ठेव घेणं बंद. एका खात्यातून पुढच्या सहा महिन्यांत मिळून काढता येणार फक्त १,००० रुपये.

हजार रुपये म्हणजे काय, ते एखाद्या सोसायटीच्या खजिनदाराला विचारा. असा माणूस कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक इमारतीत असतो. निवृत्त, काटेकोर, पावतीवर पावती टाचून ठेवणारा. सोसायटीचा देखभाल निधी आणि दुरुस्तीसाठी साठवलेली पुंजी त्याने सहकारी बँकेत ठेवलेली असते, कारण तिथे अर्धा-पाऊण टक्का व्याज जास्त. आता वॉचमनचा पगार, पाण्याचा टँकर, लिफ्टवाल्याचं बिल, जिन्यातल्या दिव्याचं बिल, सगळं एका खात्यातून आणि सहा महिन्यांत हजार. दिलेले धनादेश परत येणार. वरून सभेत विचारणार, बँक कुणी निवडली?

हा पट्टा सहकारी बँकांच्या आधाराने वाढलाय. डोंबिवली नागरी १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. मुंबईत नोकरी, पगार सरकारी बँकेत आणि बचत घराजवळच्या सहकारीत, ही इथल्या मध्यमवर्गाची घडी. त्यामुळे एक बँक पडली की दुसऱ्या, धडधाकट बँकेच्या दारातही लोक उगाच डोकावून येतात. व्हॉट्सॲपवर बंद होणाऱ्या बँकांच्या याद्या फिरू लागल्या. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं रिझर्व्ह बँकेला जाहीरपणे सांगावं लागलं.

७२ तास झाले. गुरुवार, २६ सप्टेंबर

मर्यादा हजारावरून दहा हजार. रिझर्व्ह बँकेने सोबत म्हटलं, की आता ६० टक्क्यांहून अधिक ठेवीदार आपली सगळी रक्कम काढू शकतील. हे वाक्य दिलासा म्हणून लिहिलेलं आहे. उलटं वाचलं तर कळतं, की दर दहांतल्या सहा जणांची त्या बँकेतली सगळी शिल्लक दहा हजारांच्या आत होती.

पुढचं भराभर. ३० सप्टेंबरला आर्थिक गुन्हे शाखेने ४,३५५ कोटींच्या नुकसानीचा गुन्हा नोंदवला. ३ ऑक्टोबरला वाधवान बापलेकांना अटक, पाठोपाठ थॉमस आणि वरियाम सिंग. मर्यादा २५ हजार, मग ४० हजार, ५० हजार, आणि जून २०२० मध्ये एक लाख. निदर्शनांहून घरी परतलेला एक ठेवीदार दगावला. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. १९९३ पासून ते एक लाखावर थिजलेलं होतं. पीएमसीच्या लोकांनी रस्त्यावर बसून सगळ्या देशाला मिळवून दिलेली ही गोष्ट आहे, आणि तिचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

२०,५२० तास झाले. मंगळवार, २५ जानेवारी २०२२

सौदा झाला. पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन. युनिटीमागे सेंट्रम ही वित्तसंस्था आणि भारतपे. डोंबिवलीत फडके रोडवरच्या भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड पाहा. तीच भारतपे, टायगर ग्लोबल आणि सिकोयासारख्या परदेशी फंडांचा पैसा घेऊन वाढलेली. एरवी नव्या बँकेचा परवाना मिळवायला जन्म जातो. इथे बुडालेली बँक उचलली की परवाना सोबत. घेणाऱ्याला भाव परवडला.

ठेवीदाराचा भाव असा. वीस लाख ठेवलेल्या निवृत्त जोडप्याला विम्याचे पाच लाख. मग पहिल्या वर्षाअखेर ५० हजार, दुसऱ्या ५० हजार, तिसऱ्या एक लाख, चौथ्या अडीच लाख, पाचव्या साडेपाच लाख. झाले पंधरा. उरलेले पाच लाख दहाव्या वर्षाअखेर. ३१ मार्च २०२१ नंतर विलीनीकरणापर्यंत व्याज नाही, त्यापुढची पाच वर्षंही नाही, नंतर उरलेल्या रकमेवर पावणेतीन टक्के. पतसंस्था आणि इतर संस्थांच्या विम्याबाहेरच्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे एक टक्का लाभांशाचे शेअर झाले. ते पूर्ण परत कधी मिळतील याला मुदत नाही.

सौद्यांच्या बाजारात हा भाव वाईट नाही, असं जाणकार म्हणतात. खरंही आहे. वाधवान घराण्याच्या दुसऱ्या शाखेची डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी बघा. ती १९८४ मध्ये सुरू झाली, पीएमसीही त्याच वर्षीची. २०१९ च्या अखेरीस ती दिवाळखोरीत गेली. बुडीत कंपन्या घेण्यात मुरलेला अमेरिकेचा ओकट्री फंड आणि आपले पिरामल समोरासमोर आले. ओकट्रीचा आकडा मोठा असूनही जानेवारी २०२१ मध्ये धनकोंच्या समितीने ९४ टक्के मतांनी ३७,२५० कोटींना कंपनी पिरामलना दिली. मुदत ठेवीदारांच्या हाती रुपयामागे जेमतेम २३ पैसे पडले. आणि जुन्या मालकांनी वळवल्याचा आरोप असलेले सुमारे ४५ हजार कोटी पुढे वसूल झालेच, तर ते नव्या मालकाचे. त्या हक्काची किंमत धरली होती एक रुपया. १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो सौदा कायम ठेवला.

समितीत मतं पैशाच्या वजनाने पडतात. बँकांचं वजन मोठं, पेन्शनरांचं एकत्र केलं तरी चिमूटभर. पीएमसीच्या ठेवीदाराला तर समितीही नव्हती. योजना राजपत्रात आली, ती त्याने वाचली.

१,०८,१६८ तास. २५ जानेवारी २०३२

वीस लाखांतले शेवटचे पाच लाख देय होण्याची ही तारीख. त्या दिवशी रविवार आहे, बँकेला सुट्टी.