लाजेचा विकार आणि टोकियोचे विद्यार्थी

मेजी काळात, म्हणजे 1868 नंतरच्या जपानमध्ये, जन्मसिद्ध दर्जाचे महत्त्व ओसरत गेले आणि 1886 मध्ये इम्पीरियल विद्यापीठाचे रूप लाभलेल्या टोकियो विद्यापीठाची पदवी हा उच्च सरकारी पदांकडे जाणारा राजमार्ग ठरला. परीक्षांच्या या चढाओढीत धडधड, निद्रानाश आणि एकाग्रता न होणे अशा तक्रारी सांगणाऱ्या तरुणांना ‘न्यूरास्थेनिया’ झाल्याचे सांगण्यात येई. मज्जातंतूंची शक्ती खर्ची पडल्याने हा थकवा येतो, अशी समजूत असल्यामुळे विद्यार्थ्याला आपला त्रास अतिअभ्यासाच्या खाती मांडता येई.

या समजुतीला छेद देणारे मनोविकारतज्ज्ञ शोमा मोरिता (1874–1938) हे विद्यार्थिदशेत स्वतःच असे रुग्ण होते. परीक्षा तोंडावर आली असताना घरून पैसे येईनात, तेव्हा वडिलांवरच्या रागाने, जीव गेला तरी बेहत्तर अशा हट्टाने त्यांनी औषधे सोडली आणि स्वतःला अभ्यासात झोकून दिले. परीक्षा तर चांगली गेलीच, पण जुना त्रासही ओसरला. पुढे त्यांनी प्रतिपादन केले की अशा व्यक्तीचे मज्जातंतू थकलेले नसतात, तर तिचे लक्ष स्वतःवरच खिळलेले असते: चारचौघांत चेहरा लाल होतो, तो लपवण्याच्या धडपडीत सारे ध्यान चेहऱ्याकडे लागते आणि लाली अधिकच जाणवते.

1919 च्या सुमारास मोरितांनी राहत्या घरीच रुग्ण ठेवून उपचारांची पद्धत बसवली. पहिला आठवडाभर रुग्णाने वाचन, गप्पा वा करमणूक यांविना अंथरुणावर पडून राहायचे, मनात येईल ती भीती येऊ द्यायची; मग झाडलोट आणि बागकाम, त्यानंतर लाकडे फोडण्यासारखी कष्टाची कामे आणि शेवटी नित्याच्या जीवनात परतणे, असा क्रम असे. रुग्ण रोज रात्री रोजनिशी लिहीत आणि मोरिता तिच्यावर शेरे मारत. भीती जाण्याची वाट न पाहता हातातले काम करावे, हे या पद्धतीचे सार होते.

इतरांच्या सहवासाच्या या भीतीला जपानी मनोविकारशास्त्रात ‘ताइजिन क्योफुशो’ म्हणतात. तिच्या एका प्रकारात आपली फजिती होईल यापेक्षा आपल्या लाल चेहऱ्याचा, नजरेचा वा अंगाच्या वासाचा दुसऱ्याला त्रास होईल, ही धास्ती मोठी असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने 1980 मध्ये ‘सोशल फोबिया’ हा स्वतंत्र विकार मानला, परंतु दुसऱ्याला दुखावण्याच्या भीतीला त्याच्या निकषांत 2013 च्या आवृत्तीतच स्थान मिळाले. लाजाळूपणाला विकार केव्हा म्हणावे, याचा निर्णय करताना ही पुस्तिका त्यामुळे होणारा क्लेश आणि शिक्षण, काम वा नातेसंबंध यांत येणारा अडथळा पाहते; मोरितांनीही सुधारणेचे माप लाजेच्या अभावात न शोधता कामाला लागण्यात शोधले होते, आणि त्यामुळे लाजणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःला दुर्बळ ठरवण्याचे कारण उरत नव्हते.