ब्रॉडबँडवरील वाहतुकीची वाटणी

घरगुती ब्रॉडबँड जोडणीवरून जाणाऱ्या एकूण माहितीत व्हिडिओ, खेळ, कॉल, फाइली, बँकव्यवहार यांचा किती वाटा आहे, याचा हिशेब म्हणजे वाहतुकीची वाटणी. तो बहुधा जीबीत मांडतात आणि गफलत तिथेच होते. भुसावळजवळच्या दीपनगरात, औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, हा फरक फोड करून सांगावा लागू नये: महिन्याचे युनिट वेगळे, संध्याकाळची मेगावॅटमधली मागणी वेगळी, आणि यंत्रणेवर ताण पडतो तो मागणीचा. जीबी म्हणजे युनिट. एमबीपीएस म्हणजे मेगावॅट.

तासभर ५ एमबीपीएसने पाहिलेला एचडी व्हिडिओ सव्वादोन जीबी घेतो. तेवढाच वेळ चाललेला आवाजी कॉल १०० केबीपीएस धरला तरी ४५ एमबी, म्हणजे पन्नासपट कमी. पण व्हिडिओ पुढचे काही सेकंद आधीच साठवतो, लाइन मंदावली की चित्राचा दर्जा उतरवून चालत राहतो. कॉलला ही सोय नाही. आवाज अर्धा सेकंद मागे पडला की दोघे एकदमच बोलू लागतात. सकाळी १० वाजता एसीचे तत्काळ तिकीट काढणाऱ्याला तर मोजकेच केबी लागतात, पण त्याच क्षणी. म्हणून जीबीतला वाटा हे गरजेचे माप नव्हे.

जगभरच्या वाहतुकीत दोन तृतीयांशाच्या आसपास व्हिडिओच असतो, मग त्यालाच आवर का घालू नये, असा आक्षेप येतो. तो वरवर रास्त वाटतो. परंतु स्पर्धा परीक्षेचा तासही व्हिडिओच असतो. प्रकारावरून मोल ठरत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर व्हिडिओचा दर्जा ४८०पी पर्यंत उतरवला, तोही बंदी न घालता. जीबीची मर्यादा घालणारी एफयूपीही निशाणा चुकवते: पहाटे ३ ला मोठी फाइल उतरवणाऱ्याचा कोटा संपतो, रात्री ९ ची गर्दी तशीच राहते. एकच लाइन अनेक घरांना पुरवणाऱ्या जीपॉन फायबरवर सेकंदाला २.४८८ गिगाबिटची क्षमता ६४ घरांत वाटली, तर सर्वांनी एकदम ओढल्यास प्रत्येकी ३९ एमबीपीएस येतात. अपलोडला त्याच्या निम्मेच, आणि व्हिडिओ कॉल व सीसीटीव्हीचा भार तिथेच पडतो. जोडणी घेताना जीबीआधी रात्री ९ चा वेग आणि अपलोडचा आकडा विचारावा.