दुखणे पायात, मूळ नितंबात

दिवसभर फळ्यापुढे उभे राहिल्यावर संध्याकाळी नितंबात कळ येते आणि मांडीतून खाली उतरते. आपण लगेच म्हणतो, 'सायटिका झाली, शीर दबली.' पण दोष नेहमी शिरेचाच असतो का?

१९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले, की मणक्यांमधील चकती सरकून चेतातंतूच्या मुळावर दाब आला तर पाय दुखतो. शोध मोलाचा होता. पण पुढे पाय दुखला की संशय आधी मणक्यावरच जाऊ लागला.

१९३८ मध्ये लंडनला केलग्रेन यांनी निराळा प्रयोग केला. स्वयंसेवकांच्या स्नायूंत त्यांनी मिठाचे ६ टक्के द्रावण टोचले. वेदना पुष्कळदा सुईपासून दूर उमटली. नितंबाच्या स्नायूत टोचले तर ती मांडीत उतरली. चकती जागेवर, शीर मोकळी, तरी पाय दुखला! स्नायूंकडून आणि इतर भागांकडून येणारे संदेश मज्जारज्जूत एकत्र येतात, त्यामुळे मेंदू पत्ता चुकतो.

न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१-१९९७) यांनी स्नायूतील अशा हळव्या गाठींचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप: ओढायचा इथे, गोळी लागते तिथे. पाठीवर शस्त्रक्रिया होऊनही हैराण असलेले जॉन केनेडी १९५५ मध्ये त्यांच्याकडे आले. उपचारांत इंजेक्शने होती, तशीच आखूड पायाच्या टाचेखाली घालायची साधी पट्टीही होती. ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांच्या ग्रंथाच्या १९९२ च्या दुसऱ्या खंडात 'ग्लुटिअस मिनिमस' या नितंबातील लहान स्नायूच्या दुखण्याला 'खोटी सायटिका' म्हटले आहे. मात्र गाठ बोटांनी चाचपताना तपासणाऱ्यांचे नेहमी एकमत होत नाही, आणि तिच्या कारणाबद्दल आजही वाद आहे.

वर्गात एक प्रयोग करावा. उजव्या कमरेच्या बाजूला, हाडाच्या कडेखाली तळहात ठेवून डावा पाय उचला. हाताखालचा स्नायू घट्ट होतो. तोच कंबर कलू देत नाही. एकाच पायावर भार देऊन तास घेतला, तर त्याला उसंत कुठली? म्हणून भार बदलावा, दोन तासांच्या मध्ये चालावे, मागच्या खिशातील जाड पाकीट काढून बसावे.

परंतु पायात बधिरपणा वा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, तर स्नायूला दोष देत बसू नये. ताबडतोब डॉक्टर गाठावा. सगळे खापर मणक्यावर फोडणे जितके चूक, तितकेच ते स्नायूवर फोडणेही.