औषध-दुष्परिणाम नोंद (भारत)

नेहमीच्या मात्रेत दिलेल्या औषधाने रुग्णाला अनपेक्षित अपाय झाल्यास डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्मात्याने तो ठरावीक अर्जावर औषध-दक्षता यंत्रणेला कळवणे. जादा मात्रेमुळे होणारी विषबाधा मूळ व्याख्येत येत नाही. रुग्णालयात या कामाला ‘एडीआर (ॲडव्हर्स ड्रग रिॲक्शन) भरणे’ म्हणतात.

पद्धतीचा उगम थॅलिडोमाइड प्रकरणात आहे. गरोदरपणातील मळमळीवर दिल्या गेलेल्या या औषधामुळे हजारो बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. १९६१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे एक छोटेसे पत्र ‘लॅन्सेट’मध्ये आले. आपल्याला दिसते ते इतरांनाही दिसते आहे का, असे त्यांनी त्यात विचारले होते. ब्रिटनने १९६४मध्ये अशा नोंदींसाठी ‘यलो कार्ड’ सुरू केले. १९६८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम उभा राहिला. त्याचा माहितीसाठा आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे.

भारतात २००४च्या प्रयत्नात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय व दिल्लीचे एम्स ही दोन विभागीय केंद्रे होती. तो प्रयत्न टिकला नाही. जुलै २०१०मध्ये नवा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि एप्रिल २०११पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे.

अर्जाच्या नावातच ‘संशयित’ हा शब्द आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. रुग्णाची ओळख (नाव नव्हे, आद्याक्षरे), औषध, प्रतिक्रिया आणि कळवणारा एवढ्या चार गोष्टी असल्या की नोंद ग्राह्य ठरते. औषधानेच अपाय झाला हे सिद्ध करणे कळवणाऱ्याचे काम नाही. तरीही बहुतेक नोंदी होतच नाहीत. बारा देशांतील ३७ अभ्यासांच्या २००६मधील आढाव्यात न कळवल्या गेलेल्या प्रतिक्रियांचे मध्यक प्रमाण ९४ टक्के निघाले. कामाचा ताण हे कारण नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण आपलीच चूक निघेल ही भीती आणि ‘हे तर माहीतच आहे’ ही बेफिकिरी त्याहून चिवट आहे. फिट्सच्या गोळ्या सुरू होऊन पंधरा दिवस झालेला रुग्ण तोंड सोललेल्या, अंगभर पुरळ उठलेल्या अवस्थेत येतो. गोळी बंद होते, केसपेपरवर लाल शाईत ‘ॲलर्जी’ लिहिले जाते आणि माहिती त्या फाइलबरोबर रेकॉर्ड रूममध्ये जाते. अर्ज भरायला घेतलाच तर बॅच नंबर मिळत नाही : दुकानदाराने चार गोळ्या कापून दिलेल्या असतात आणि नंबर उरलेल्या पट्टीवर राहिलेला असतो.

नोंदी साचल्या की त्यांतून सूचना निघते. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ‘ड्रेस’ ही गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते, असा इशारा आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये दिला, तो अशाच नोंदींच्या विश्लेषणावरून. ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी आणि आतल्या अवयवांना इजा ही तिची लक्षणे.

रुग्ण व नातेवाइकांसाठी वेगळा अर्ज असून तो मराठीतही मिळतो. निःशुल्क दूरध्वनी : १८००-१८०-३०२४.