जिन, टॉनिक आणि जालन्याची छावणी

जालन्याच्या एका शाळेत आमचे व्याख्यान संपल्यावर एका शिक्षकांनी विचारले, "इथल्या छावणीतले गोरे शिपाई हिवताप होऊ नये म्हणून जिन आणि टॉनिक पीत असत म्हणतात. हे खरे का?" दारूचा प्रश्न शाळेत निघाला म्हणून दोघेतिघे हसले. आम्ही मात्र त्या दिवशी मोघम काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे हे उशिरा दिलेले उत्तर.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि एकोणिसाव्या शतकात तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. जिल्ह्यातल्याच असई गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि मराठे यांची लढाई झाली. पण असईच्या शिपायाला टॉनिक मिळणे शक्यच नव्हते. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढले ते पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी, १८२० साली. क्विनीनयुक्त फसफसत्या पाण्याचे पेटंट लंडनच्या इरॅस्मस बाँडने घेतले ते १८५८ मध्ये. शिवाय कंपनीच्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला यायची ती अरक किंवा रम. जिन ही अधिकाऱ्यांच्या मेसमधली चीज.

मग ही जिन आली कुठून? हॉलंडमध्ये धान्याच्या मद्याला ज्युनिपरच्या फळांचा वास देऊन 'येनेव्हर' बनवत आणि औषध म्हणूनही घेत. हे ज्युनिपर आपल्याला अगदीच परके नाही. आयुर्वेदातली हपुषा ती हीच, आणि हिमालयात ती आजही उगवते. १६८८ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंज इंग्लंडात आला. त्यानंतर इंग्लंडात धान्याचे मद्य गाळण्याला उत्तेजन मिळाले आणि येनेव्हरची जिन झाली. लंडनच्या गरीब वस्त्यांत तिने इतका धुमाकूळ घातला, की १७३६ आणि १७५१ मध्ये पार्लमेंटला तिच्यासाठी खास कायदे करावे लागले.

रसायनाच्या दृष्टीने खरा बदल घडला तो १८३० मध्ये. आयनिआस कॉफी या आयरिश माणसाने उभ्या स्तंभाच्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले. साध्या भांड्यातून येणाऱ्या मद्यार्काबरोबर धान्याचे वास आणि नकोशी द्रव्येही येत. ती झाकण्यासाठी जिनमध्ये साखर घालत. या गोड जिनला 'ओल्ड टॉम' म्हणत. कॉफीच्या स्तंभातून जवळजवळ निर्गंध मद्यार्क मिळू लागला आणि झाकण्यासारखे काही उरलेच नाही. साखर गेली, आणि 'लंडन ड्राय' ही कोरडी जिन पुढे आली. तो निर्गंध मद्यार्क ज्युनिपर, धणे, लिंबाची साल, अँजेलिकाचे मूळ यांच्याबरोबर पुन्हा गाळतात. ज्युनिपरमधले पाइनीन १५६ अंश सेल्सिअसला उकळते, मद्यार्क ७८ अंशांना. तरीही पाइनीन वाफेबरोबर येते, कारण उत्कलनबिंदूच्या खालीही प्रत्येक द्रवाला बाष्पदाब असतो. वाळत घातलेले कपडे शंभर अंशांची वाट पाहत नाहीत, हे उदाहरण वर्गात चालावे.

जुन्या मिश्र पेयांची पुस्तके वाचताना हा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या अमेरिकन कृतींत 'जिन' म्हटले की बऱ्याचदा हॉलंडची, धान्याच्या चवीची जिन अभिप्रेत असते. 'टॉम कॉलिन्स'ला गोड ओल्ड टॉम लागते, तर 'ड्राय मार्टिनी'ला लंडन ड्राय. शब्द तोच, बाटलीतला द्रव वेगळा. जाणकार मंडळी आधी पेय कोणते ते ठरवतात आणि मग जिन निवडतात, त्याचे कारण हे आहे.

या पेयांकडे पाहताना आम्हांला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जिनचे जुने सोबती बहुतेक औषधांच्या कपाटातून आलेले आहेत. अँगोस्टुरा बिटर्स हे व्हेनेझुएलात डॉ. सीगर्ट यांनी १८२४ मध्ये तयार केलेले पोटाचे औषध होते. 'गिम्लेट'मधला लिंबूरस खलाशांच्या स्कर्व्हीसाठी जहाजांवर आला. मद्यार्क न घालता तो टिकवण्याचे पेटंट लॉकलन रोझने १८६७ मध्ये घेतले. तिसरे क्विनीन. रमला मळीची चव असते, व्हिस्कीला लाकडाची. कडू-आंबट औषधाशी भांडण न करणारी कोरडी जिन इथे सोयीची ठरली असावी, असे आमचे मत आहे.

पण सोयीची जोडी म्हणजे हिवतापावरचा इलाज नव्हे. हिंदुस्थानात जिन आणि टॉनिक यांचा एकत्र उल्लेख सापडतो तो १८६८ च्या एका क्रीडाविषयक मासिकात, सियालकोटच्या घोड्यांच्या शर्यतींच्या वर्णनात. तेथे ना रुग्णालय आहे ना वैद्य. शर्यती पाहून दमलेले लोक आहेत.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या नियमानुसार टॉनिकच्या एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ८३ मि.ग्रॅ. क्विनीन चालते. हिवताप झालेल्या प्रौढाला साधारण ६०० मि.ग्रॅ. क्विनीन दिवसातून तीनदा, म्हणजे १,८०० मि.ग्रॅ. देत. भागाकार केला तर दिवसाला जवळजवळ २२ लिटर टॉनिक! नुसत्या प्रतिबंधासाठी रोजची ५ ग्रेनची मात्रा, म्हणजे सुमारे ३२४ मि.ग्रॅ., धरली तरी चार लिटर होतात. त्या काळचे टॉनिक दुप्पट कडू होते असे मानले, तरी रोज दोन लिटर. तेवढ्या टॉनिकाबरोबर तेवढी जिन घेणाऱ्याला हिवतापाची वेगळी गरज उरणार नाही.

टॉनिकात क्विनीन आहे, एवढे मात्र वर्गात दाखवता येते. टॉनिकचा पेला कोवळ्या उन्हात काळ्या कागदासमोर धरा. पृष्ठभागालगत फिकट निळी झाक दिसते. अतिनील किरण शोषून क्विनीन निळा प्रकाश बाहेर टाकते. याच प्रतिदीप्तीवर जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये निबंध लिहिला. पेल्यात मीठ घालून ढवळले की झाक मंदावते. क्लोराइड आयन ती विझवतात. विद्यार्थ्यांना आधी कारण सांगू नये.

त्या शिक्षकांचा प्रश्न छावणीबद्दल होता. छावणीच्या भिंतीबाहेरच्या माणसाचा प्रश्न निराळा होता, आणि तो किमतीचा होता. १८६० च्या दशकात सरकारने निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मंगपू येथे सिंकोनाची लागवड केली. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेरीत क्विनीनची पुडी एका पैशाला मिळू लागली. एका पुडीत ५ ग्रेन क्विनीन असे, म्हणजे आजच्या टॉनिकच्या हिशेबाने चार लिटर. ताप डासांमार्फत पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले ते त्यानंतर पाच वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. जालन्यासारखेच तेही निजामाच्या राज्यातले छावणीचे गाव.