चिंधीसुद्धा दिसता कामा नये

विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं. जीआयपी रेल्वेची गाडी धूर सोडत नागपूरकडे निघून गेलीय आणि तुम्ही कापसाच्या बैलगाड्या चुकवत, फुफाट्यातून शेगावच्या मठात पोचलाय. अंगण आज जरा जास्तच लखलखीत आहे. तरी मठातले शिष्य बाळाभाऊ वाकून कानाकोपरा न्याहाळतायत. गजानन महाराजांनी कालच बजावलंय: उद्या आपला एक भाऊ यायचाय, फार कर्मठ आहे, अंगणात चिंधीसुद्धा दिसता कामा नये.

तुम्हाला हसू येतं. हे बजावणारा माणूस पलंगावर दिगंबर बसून चुटक्या वाजवतोय. 23 फेब्रुवारी 1878 ला गावानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होता. सोवळंओवळं त्याच्या गावीही नाही.

आणि येणारा भाऊ? वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी. 1854 साली माणगावात जन्मलेले दंडधारी संन्यासी, दत्तभक्त. शेगावला रेल्वे असली म्हणून काय झालं, ते येणार पायीच. हिंदुस्थान तसाच पालथा घातलाय त्यांनी. आचारात तसूभर इकडचं तिकडे होत नाही.

तुमच्या शेजारी एक शेतकरी भिंतीला टेकलाय. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का.

"कोन येऊन राह्यलं भाऊ?"

तुम्ही सांगता.

"मंग या दोघायचं जमन कसं?"

स्वामी येतात. चुटक्या थांबतात. दोघं एकमेकांकडे पाहून हसतात. आता मोठा शास्त्रार्थ रंगणार म्हणून तुम्ही पुढे सरकता, तर स्वामी निघायची परवानगी मागतात आणि महाराज मान हलवतात. झालं.

"बस, एवढंच? याच्यासाठी इतकी झाडझूड केली ना बाप्पा!"

बाळाभाऊंनाही राहवत नाही. तुमचा मार्ग वेगळा, त्यांचा वेगळा, मग ते भाऊ कसे? एरवी तुटक बोलणारे महाराज यावर सविस्तर बोलतात. दासगणूंनी 'श्री गजानन विजय' ग्रंथात ते सगळं दिलंय. कर्म, भक्ती, योग अशा तीन वाटा, बाहेरून वेगळ्या, मुक्काम एक. भांडतात ते वाटेवरचे, पोचलेले नव्हेत.

ऐकायला छान. पण खरं सांगायचं तर यानंतर स्वामींनी महाराजांसारखी चिलीम हातात धरली नाही की महाराजांनी सोवळं नेसलं नाही. दोघंही आपापल्या वाटेचे पक्के. सगळ्या वाटा मान्य असणं वेगळं आणि सगळ्यांवर पाय ठेवणं वेगळं. ते दुसरं काम करतोय तो तुमच्या शेजारचा हा माणूस.

पंढरी आहेच, महाराज तर हक्काचे. शिवाय सुनेला झटके येतात, म्हणून तो आता निघालाय जाळीच्या देवाला. ते ठाणं महानुभावांचं. एका परमेश्वरापलीकडे दुसरा देव न मानणारा हा पंथ.

"मग विठोबाचं काय?" तुम्ही जरा खोचकपणेच विचारता.

"कपाशीत तुरीचं तास टाकतोच ना आपून? पाण्यानं दगा देल्ला तं एक तरी हाती लागते."

पंडित याला गोंधळ म्हणतील. मला त्यात कोरडवाहू शेतीचा शहाणपणा दिसतो, थोडा स्वार्थही. शंभर वर्षं पुढे या, तरी चाल तीच आहे. होळीला पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांच्या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते, ती पाहायला आलेल्यांत कपाळावर गंध असलेले शेकड्यांनी दिसतील. त्यांतले कितीतरी गुरुवारी शेगावच्या रांगेतही असतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मागे या. शेतकरी उठलाय. बाहेर बैल जुंपलेत, सून गाडीत बसलीय. महाराजांना लांबूनच दंडवत घालून तो उपरण्याच्या टोकानं कपाळावरचा बुक्का पुसतो.

"हे काऊन?" तुम्हीही आता वऱ्हाडीत विचारता.

"तिथं चालत नाई ना," तो म्हणतो, आणि कासरा हातात घेतो.